‘स्टेडफास्ट’ : एका शब्दाचा मागोवा

गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात इंग्रजीचा एक उतारा शिकवीत असता ‘स्टेडफास्ट’ हा शब्द आला. प्रथेप्रमाणे मी फळ्यावर ‘दृढ, अढळ, निश्चल’ असे प्रतिशब्द लिहिले आणि पुढच्या ओळीकडे वळले. तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, फास्ट म्हणजे जलद ना? मग जो फास्ट आहे, तो निश्चल कसा?” वर्ग हसला. मीही हसले; परंतु उत्तर मात्र मला त्या क्षणी देता आले नाही. “उद्या सांगते,” असे म्हणून मी वेळ मारून नेली.

विद्यार्थिमित्रहो, शिक्षकाचे ‘उद्या सांगते’ हे एक प्रकारचे कर्जच असते. ते फेडण्यासाठी त्या रात्री मी शब्दकोश उघडला. कर्ज फिटले, परंतु त्या शब्दाने माझ्यापुढे एक दुसराच प्रश्न उभा केला, आणि तो आपल्या शाळेतील जवळजवळ प्रत्येक घराशी निगडित आहे. म्हणून हे चार शब्द.

प्रथम त्या मुलाच्या शंकेचे निरसन करू. ‘स्टेडफास्ट’ हा जोडशब्द आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, ‘स्टेडे’ म्हणजे जागा आणि ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, पक्का. जो आपल्या जागी घट्ट आहे, तो ‘स्टेडफास्ट’. ‘जलद’ हा अर्थ ‘फास्ट’ला पुष्कळ पुढे चिकटला. गाढ झोपलेल्या माणसाला इंग्रज ‘फास्ट अस्लीप’ म्हणतो. त्याचा अर्थ तो माणूस घाईघाईने झोपला असा नव्हे. निद्रेने त्याला घट्ट धरले आहे, एवढेच. मग घट्टपणातून जलदपणा कसा निघाला? आपल्याच भाषेकडे पाहा. ‘जोर’ म्हणजे बळ. परंतु ‘तो जोरात पळाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा मनात बळापेक्षा वेगच अधिक असतो. बळ लावून केलेली क्रिया वेगाने होते, म्हणून बळाचा शब्द हळूहळू वेगाचा होऊन बसतो. इंग्रजीतही तेच घडले.

याच ‘फास्ट’चा आणखी एक अर्थ उपवास असा आहे, आणि तो मला अधिक गोड वाटतो. व्रत घट्ट धरून ठेवणे, म्हणून उपवास. सकाळची न्याहारी म्हणजे ‘ब्रेकफास्ट’, धरलेले व्रत मोडणे. मराठीत आपण उपास ‘धरतो’ आणि ‘सोडतो’. दोन दूरच्या देशांतील माणसांनी एकाच गोष्टीसाठी मुठीचीच भाषा वापरावी, हे किती नवल!

आता ‘स्टेड’. ‘इन्स्टेड’ हा शब्द तुम्ही पाचवीपासून वापरता. त्याचा अक्षरशः अर्थ ‘च्या जागी’ एवढाच आहे. ‘होमस्टेड’ म्हणजे घराची जागा. आपण तिला घरठाण म्हणतो. हे भाषांतर मी मुद्दाम केले, कारण ‘घरठाण’मधील ‘ठाण’ आणि ‘होमस्टेड’मधील ‘स्टेड’ हे नुसते समानार्थी नाहीत, तर एका कुळातील आहेत. ‘ठाण’ आले ‘स्थान’ वरून आणि ‘स्थान’ हे ‘स्था’ म्हणजे उभे राहणे या धातूवरून. इंग्रजी ‘स्टेडे’, जर्मन भाषेतील शहरवाचक ‘श्टाट’ आणि संस्कृत ‘स्थिती’ ही एकाच मूळ शब्दाची तीन रूपे आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एक असावा असे प्रतिपादन केले, आणि या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. तत्पूर्वी १६०८ साली ‘हेक्टर’ हे इंग्रजांचे जहाज आपल्या या सुरतेच्या किनाऱ्याला लागले होते. त्या जहाजातून उतरलेले दर्यावर्दी आणि त्यांच्याशी सौदा करणारे येथील व्यापारी यांच्या तोंडी एकाच घरचे शब्द होते. परंतु ते कोणालाच ठाऊक नव्हते.

‘स्था’चे कुटुंब मोठे आहे. स्थिर, संस्था, व्यवस्था आणि आस्था ही त्याची ओळखीची मुले. लॅटिनमधून इंग्रजीत आलेला ‘कॉन्स्टंट’ हाही त्यातलाच. परंतु या कुटुंबातील एक व्यक्ती वेष पालटून आपल्यात वावरते, म्हणून चटकन ओळखू येत नाही. ती म्हणजे ‘निष्ठा’. ‘नि’ या उपसर्गातील इकारामुळे ‘स्था’मधील ‘स’चा ‘ष’ होतो आणि ‘थ’चा ‘ठ’. ‘प्रतिष्ठा’ आणि ‘अनुष्ठान’ यांतही हाच नियम आहे. म्हणजे ‘निष्ठा’ या शब्दाच्याही पोटात ‘उभे राहणे’ आहे. फळ्यावर लिहिलेले माझे प्रतिशब्द चुकीचे नव्हते. परंतु ‘स्टेडफास्ट’ला मराठीत सख्खे भावंड असताना मी चुलत भावंडांना बोलावून आणले होते. दुसऱ्या दिवशी मी ते पुसून ‘निष्ठावान’ असे लिहिले.

येथवर सर्व सुरळीत झाले. अडचण पुढे आहे.

हा शब्द जुन्या इंग्रजीतील ज्या रचनांत आढळतो, त्यांपैकी एक रणकाव्य आहे. ९९१ साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात मॉल्डन येथे समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लोकांशी तेथील इंग्रजांची लढाई झाली. त्यांचा नायक बिर्टनॉथ याने लढाईपूर्वी सैनिकांना घोडे सोडून द्यावयास सांगितले, म्हणजे पळण्याचा विचारच नको. तो पडल्यावर काही जण पळाले. एक तर खुद्द नायकाच्याच घोड्यावर बसून पळाला. बाकीचे जागा न सोडता लढले. या काव्याचे हस्तलिखित १७३१ च्या आगीत जळाले, परंतु त्याआधी कोणीतरी त्याची नक्कल करून ठेवली होती, म्हणून आज ते वाचावयास मिळते. आरंभ आणि शेवट मात्र हरवलेलाच आहे. त्यात कवीने आपल्या ओळीत ठाम उभ्या असलेल्या योद्ध्यांना हे विशेषण लाविले आहे. तेथे त्याचा अर्थ अगदी शब्दशः आहे : पाऊल मागे न घेणारा, जागा न सोडणारा.

मग जागा सोडणाऱ्यांनी काय करावे?

हा प्रश्न मला का पडावा, हे सांगितले पाहिजे. माझी मातृभाषा कोकणी. घरी आईशी मी कोकणीत बोलते, शाळेत मराठीत शिकविते आणि भाजी गुजरातीत घेते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी खानदेशातून आलेली अहिराणी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथून आजोबा किंवा वडील कामासाठी गाडीने उधन्याला उतरले आणि येथलेच झाले. कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती, वर्गात मराठी आणि चुलीजवळ अहिराणी. आपण सारेच जागा सोडलेली माणसे आहोत. जागेला घट्ट असणे हीच जर निष्ठा, तर या शहरात निष्ठावान असा कोण उरेल?

मला हा प्रश्न इतरांनीही विचारला आहे, आणि तो नेहमीच सद्भावाने विचारलेला नसे. एका समारंभात एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “तुम्ही कोकणीवाले. मराठीच्या शाळेत शिकविता खरे, पण तुमची निष्ठा नक्की कुठे?” पुढे गावी गेले असता नात्यातल्याच एका मावशीने उलट बाजूने तोच बाण सोडला. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली, आणि तू अजून मराठीच शिकवीत बसलीस? दोन्ही वेळा मी गप्प राहिले. दोघांच्याही मनात निष्ठा म्हणजे जमिनीचा एक तुकडा होता. एकाने तो व्यापला की दुसऱ्याने उठलेच पाहिजे.

येथे मराठीतील एक शब्द माझ्या मदतीला आला. ‘स्टेडे’ म्हणजे ठाण आणि ‘फास्ट’ म्हणजे घट्ट बांधलेले. या दोहोंचे शब्दशः मराठी केले तर काय होईल? ‘ठाणबंद’! आणि ठाणबंद कोणाला म्हणतात, हे खानदेशातील मुलांना सांगावयास नको. चरावयास न सोडता गोठ्यातच बांधून पोसलेल्या जनावराला. वर्गात हे सांगताच मुले पोट धरून हसली. परंतु हसण्यासारखे त्यात थोडे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. एकाच घडणीचे दोन शब्द; एक योद्ध्याला लागला, दुसरा शेळीला. फरक एवढाच की योद्ध्याला पळता येत होते आणि तरी तो राहिला. शेळीच्या राहण्यात तिचे काहीच नाही. तेव्हा जागा न सोडणे ही निष्ठा नव्हे. निष्ठा त्या राहण्यामागच्या निवडीत आहे. कोकणीत ‘रावप’ हे एकच क्रियापद थांबणे, वाट पाहणे आणि वस्ती करणे या सर्वांसाठी चालते. माणूस जेथे कोणाची तरी वाट पाहत थांबतो, तेच त्याचे घर, असे मला त्यातून नेहमी वाटत आले आहे. व्याकरणकार याला हसतील, हसोत बापडे.

अढळपणाची आपली आवडती उपमा ध्रुवाची. पण ज्योतिषशास्त्र सांगते की पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो आणि त्यामुळे ध्रुवताराही बदलतो. सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी तो मान कालेय तारकापुंजातील ठुबान या ताऱ्याकडे होता. आजचा ध्रुवही नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही; तो अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर राहून लहानशी प्रदक्षिणा घालीतच असतो. शेक्सपिअरने आपल्या ‘ज्यूलियस सीझर’ नाटकात सीझरला स्वतःची तुलना याच ताऱ्याशी करावयास लाविले आहे आणि लगेच, त्याच प्रवेशात, त्याचा वध करविला आहे. हेका आणि निष्ठा यांतील अंतर नाटककाराला चांगलेच ठाऊक असावे.

आता आपल्या सुरतेतील दोन माणसांकडे येऊ. १८४४ साली या शहरात ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली. जातिभेद, भूतपिशाच आणि जादूटोणा यांविरुद्ध उभी राहिलेली ही गुजरातेतील आरंभीची संस्था. तिच्या संस्थापकांत येथील शिक्षक दुर्गाराम मेहताजी होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. ज्यांना आपण मराठी भाषेचे पाणिनी म्हणतो, तेच. त्या दशकात ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. म्हणजे मराठी व्याकरणाचा कर्ता गुजराती शहरात इंग्रजी शिकवीत होता आणि फावल्या वेळात जादूटोण्याशी झुंजत होता! पुढे ते मुंबईस गेले. काही वर्षांनी दुर्गारामही सुरतेतून गेले आणि सभा थंडावली. ठाण सुटले, हे खरेच. परंतु मुंबईत १८४९ साली जातिभेदाविरुद्ध जी ‘परमहंस सभा’ निघाली, तिच्यामागेही दादोबाच होते; आणि १८३६ साली प्रथम छापलेले आपले व्याकरण ते नव्या आवृत्त्यांत सुधारीत राहिले. त्यांनी गाव सोडले. धरलेले सोडले नाही.

दुसरा माणूस अधिक अवघड आहे, म्हणून मला अधिक प्रिय आहे. कवी नर्मद, जन्म १८३३, सुरत. ज्याच्या नावाने आपले विद्यापीठ आहे तोच. तापीपलीकडच्या रांदेरच्या शाळेत त्याने शिक्षकी केली. १८५८ साली मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडून त्याने केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. गुजरातीत अशा निश्चयाला ‘टेक’ म्हणतात. मराठीतील ‘टेकू’ आठवा. माणूस ज्यावर भार टाकून उभा राहतो, ते. या टेकेच्या बळावर त्याने एकट्याने गुजराती भाषेचा शब्दकोश रचला. ‘नर्मकोश’ १८७३ साली पूर्ण प्रसिद्ध झाला. त्यात २५,००० हून अधिक शब्द आहेत. या काळात कर्जाने आणि ओढगस्तीने त्याची पाठ सोडली नाही. अखेर १८८२ साली, टेकेला जवळजवळ चोवीस वर्षे होत आली असता, त्याने मुंबईत एका धर्मादाय संस्थेत नोकरी पत्करली. इतकेच नव्हे, तर तरुणपणी विधवाविवाहाचा आणि सुधारणेचा कडवा कैवारी असलेला हा माणूस उत्तरायुष्यात जुन्या धर्मविचाराकडे वळला. १८८६ साली तो गेला.

नर्मदाला निष्ठावान म्हणावे की नाही? वर्गात यावर दोन तट पडले. एक मुलगी तावातावाने म्हणाली, “टेक मोडली ती मोडलीच.” माझे मत निराळे आहे, आणि ते मी लपवून ठेवीत नाही. त्याने नोकरी धरली, मते बदलली. परंतु शब्दावरचे प्रेम आणि जे पटले ते उघड लिहिण्याची सवय शेवटपर्यंत सोडली नाही. त्याची पुढची मते मला स्वतःला पटत नाहीत, तरीही मी हे म्हणते. मत न बदलता मनाशी अप्रामाणिक राहिलेल्या माणसापेक्षा उघडपणे बदललेला नर्मद मला अधिक ‘स्टेडफास्ट’ वाटतो.

एवढे बोलून तास संपला. खरी गोष्ट मला कळली ती त्यानंतरच्या पालकसभेत, आणि ती सांगितली फास्टची शंका काढणाऱ्या त्याच मुलाच्या वडिलांनी. ते पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात काम करतात. मुलाने घरी शब्दाची हकीकत सांगितली होती. ते म्हणाले, “बाई, आमच्याकडे फास्ट म्हणजे जलद कोणीच समजत नाही. फास्ट म्हणजे पक्का रंग.” सुरतेत राहून मला हे सुचू नये, याची मला खरोखर लाज वाटली. मग त्यांनी जे सांगितले, ते मी येथे शक्य तितके नीट लिहिते.

पॉलिएस्टरचे कापड बंद मशीनमध्ये दाबाखाली सुमारे १३० अंश उष्णतेत रंगवितात. एवढ्या उष्णतेने धागा आतून सैल होतो आणि रंग त्याच्या पोटात शिरतो. कापड निवले की तेथेच अडकून बसतो. परंतु सगळाच रंग आत जात नाही. काही नुसता वर बसतो. तो दिसावयास झकपक असतो, पण कच्चा. म्हणून नंतर कापड कॉस्टिक आणि हायड्रोच्या पाण्यात धुऊन तो वरचा रंग मुद्दाम काढून टाकावा लागतो. त्यानंतर परीक्षा. रंगीत तुकड्याला पांढऱ्या कापडाचा तुकडा शिवतात आणि दोन्ही एकत्र धुतात. मग दोन गोष्टी पाहतात : रंगीत तुकड्याचा रंग किती उतरला, आणि पांढऱ्यावर किती डाग पडला. दोहोंना १ ते ५ असे निरनिराळे गुण. उन्हात टिकतो की नाही याची परीक्षा वेगळी, तिला ८ पर्यंत गुण.

“आपला रंग टिकला, पण शेजारच्याला डाग पडला, तर माल पास होत नाही,” ते म्हणाले.

समारंभातल्या त्या गृहस्थांना आणि गावच्या मावशीला द्यावयाचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. निष्ठेची परीक्षा आपण नेहमी एकाच बाजूने घेतो, रंग उतरला का एवढेच पाहतो. माझी कोकणी माझ्या मराठीवर डाग पाडीत नसेल आणि माझी मराठी तुमच्या अहिराणीला हिणवीत नसेल, तर त्यांना एका अंगणात वाळावयास हरकत नाही. उलट मराठीच्या अभिमानाने शेजारच्या गुजरातीची नक्कल करून हशा पिकविणारा विद्यार्थी मी पाहिला आहे, आणि अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प बसविणारी शिक्षिकाही. ती शिक्षिका काही वर्षांपूर्वीची मीच होते. माझा तो रंग वर बसलेला होता. तो धुऊन जावयास वेळ लागला.

त्या सभेत सर्वांत अवघड प्रश्न मात्र त्या मुलाच्या आईने विचारला. मुलगा हुशार आहे. अकरावीला त्याला गुजराती माध्यमात घालावे असे घरी चालले आहे. “बाई, मराठी सोडली तर पाप लागेल का हो?” तिने अर्धवट हसत विचारले, पण डोळ्यांत हसू नव्हते. मी लगेच उत्तर दिले नाही. कारण मराठी शाळेच्या शिक्षिकेने येथे निःपक्षपाती असल्याचा आव आणणे खोटेपणाचे झाले असते. पट कमी होतो तेव्हा मला दुःख होते आणि भीतीही वाटते. मी तिला एवढेच म्हणाले की माध्यम म्हणजे ठाण आहे. ते बदलता येते, कधी बदलावेच लागते. परंतु त्याने घरी मराठी वाचणे सोडू नये, अहिराणी बोलण्यास लाजू नये, आणि नवीन शाळेतील मुलांना मराठी शाळेविषयी काही कमीपणाचे बोलू देऊ नये, स्वतः तर मुळीच बोलू नये. ती म्हणाली, “तेवढं तो करील.”

जून महिन्यात तो शाळा सोडल्याचा दाखला घ्यावयास आला. दाखला घडी करून खिशात ठेवला आणि दारातच घुटमळला. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके पुढेही मिळतील का, असे त्याने विचारले. नियमाप्रमाणे मिळत नाहीत. मी माझ्या नावावर दोन काढून दिली आणि पंधरा दिवसांनी परत आणावयास सांगितले. तेराव्या दिवशी तो आला, आणि आणखी दोन घेऊन गेला.